वाट तशी वहाण

आमच्या गॅलरीत एक सायकल पाच महिने पांघरूण घालून उभी होती. पांघरूण म्हणजे बायकोची जुनी साडी. धुणं वाळत घालताना आम्ही तिघंही तिला वळसा घालून जायचो, पण तिच्याविषयी कुणी चकार शब्द काढत नसे. घरात एखादं माणूस रुसून बसलं की बाकीचे जसे जपून वागतात, तसं आमचं त्या सायकलशी चाललं होतं.

सायकल माझ्या लेकीची. दहावीच्या निकालानंतर हट्टानं मागून घेतलेली. साडेसत्तावीस इंची चाकं, पुढे शॉकअपचा फोर्क, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक. सेकंडहँड होती, पण आधीच्या मालकानं नीट सांभाळलेली. दीड वर्ष ती या सायकलवरून कॉलेजला जात होती आणि महिन्यातून एखाद्या रविवारी मैत्रिणींबरोबर डोंगराकडच्या कच्च्या वाटांवर भटकत होती. मीही कधीमधी माझी सायकल घेऊन त्यांच्या मागोमाग धापा टाकत जात असे.

ऑगस्टमध्ये ती मला म्हणाली होती, "बाबा, टायर मधोमध गोटा झालेत. बदलायला हवेत." मी वाकून पाहिलं आणि म्हणालो, "अजून सहा महिने आरामात जातील." आमच्या पिढीचा टायरविषयीचा कायदा साधा होता. आतला दोरा दिसेपर्यंत टायर टाकायचा नाही. दोरा दिसला तरी आतून जुन्या टायरचा गेटर लावायचा आणि आणखी एक पावसाळा काढायचा. त्या कायद्याला धरूनच मी बोललो.

सप्टेंबरमधल्या एका रविवारी आम्ही पानशेतच्या रस्त्यावरून आत शिरणाऱ्या एका कच्च्या वाटेनं निघालो. सकाळी हवा मीच भरली. टायरच्या कडेला 'कमाल ६५' असं छापलेलं होतं. मी पंपाचा काटा बरोब्बर ६५ वर आणून ठेवला. हवा जितकी जास्त तितकी सायकल हलकी, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. उताराला लागल्यावर एका वळणावर पावसानं धुऊन काढलेला मुरूम आणि त्यावर सुटे खडे पसरलेले होते. ट्रेकला जाणारी मंडळी ज्याला घसारा म्हणतात, तो. लेक माझ्या पुढे होती. तिनं ब्रेक लावला, पुढचं चाक बाजूला सटकलं आणि ती उजव्या खांद्यावर आपटली. दुधाच्या टेम्पोतून तिला खाली आणलं. कॉलरबोन मोडलं होतं. सहा आठवडे हात झोळीत.

घरी आल्यावर ती आईला म्हणाली, "माझाच ब्रेक जोरात लागला." मी तिथेच उभा होतो. ऑगस्टमधलं तिचं बोलणं मला आठवत होतं आणि तिलाही आठवत असणार. मी काही बोललो नाही.

काकांचा अंगठा

आठ दिवसांनी बायकोनं सांगितलं, "अहो, ती सायकल विकून टाका." मी ती पेठेतल्या एका जुन्या दुकानात घेऊन गेलो. दुकानवाले काका सत्तरीच्या पुढचे. त्यांनी हँडल पाहिलं नाही, गियर पाहिले नाहीत. पुढच्या टायरवर अंगठा दाबला आणि विचारलं, "हवा कुणी भरली?"

"मी."

"पोरगी पडली कुठे?"

"घसाऱ्यावर."

काका काही बोलले नाहीत. व्हॉल्व्ह दाबून त्यांनी हवा सोडायला सुरुवात केली. बराच वेळ फुस्स असा आवाज येत राहिला. मग म्हणाले, "विकायची असेल तर आधी टायर बदला. दुसऱ्या कुणाचं पोर पडायला नको."

सायकल मी परत आणली आणि तिच्यावर साडी चढली. पण त्या दुकानात मी पुढचे कित्येक शनिवार जाऊन बसलो. पंचावन्नाव्या वर्षी मी टायर शिकलो, असं म्हटलं तरी चालेल.

तुम्ही म्हणाल, टायरमध्ये शिकण्यासारखं काय असतं? मलाही तसंच वाटत होतं. काकांनी मला एक हिशेब घालून दिला. सायकलस्वार आणि सायकल मिळून मागच्या चाकावर साधारण ४० किलो भार येतो असं धरा. टायरमधल्या हवेनं हा भार पेलायचा, तर हवेचा दाब जितका जास्त तितकी टायरची जमिनीला टेकणारी जागा कमी. ६५ पौंड दाबाला ही जागा भरते जेमतेम ९ चौरस सेंटिमीटर, म्हणजे एखाद्या टपाल तिकिटाएवढी. ४० पौंडांना १४ चौरस सेंटिमीटर, काडेपेटीहून थोडी कमी. २५ पौंडांना २३ चौरस सेंटिमीटर, काडेपेटीहून जरा मोठी. टायरच्या कापडाचा ताठरपणा वगैरे सोडून केलेला हा ढोबळ हिशेब आहे, पण त्यानं माझी झोप उडवली. डोंगराच्या उतारावर माझ्या मुलीला मी दोन टपाल तिकिटांच्या भरवशावर सोडलं होतं.

हवा जास्त म्हणजे सायकल हलकी, हा माझा समज गुळगुळीत डांबरी रस्त्यापुरता खरा. खडबडीत वाटेवर टणक टायर प्रत्येक दगडावरून उडतो, आणि जेवढा वेळ तो हवेत तेवढा वेळ पकड शून्य. मऊ टायर दगडावर दबतो, त्याला कवेत घेतो आणि जमिनीला धरून पुढे जातो. 'कमाल' हा आकडा तर टायर जास्तीत जास्त किती सोसेल याचा असतो. इतकी हवा भरा, असा त्याचा अर्थ नाही. लिफ्टमध्ये 'कमाल आठ माणसे' लिहिलेलं असतं म्हणून आपण खालून आठ माणसं गोळा करून आणत नाही.

हवेच्या टायरचा जन्मही एका बापाच्या हातून, मुलासाठीच झालेला आहे, हे मला त्या दिवसांत कळलं. बेलफास्टमध्ये राहणारे जॉन बॉइड डनलॉप हे पेशानं जनावरांचे डॉक्टर. १८८८ साली त्यांनी आपल्या लहान मुलाच्या तीनचाकी सायकलला हवेचे टायर बसवून त्याचं पेटंट घेतलं. भरीव टायरांचे हादरे पोराला बसू नयेत, एवढाच मूळ हेतू. हवेच्या टायरची कल्पना त्याआधी चार दशकांपूर्वीच रॉबर्ट थॉमसन यांनी मांडली होती, पण ती चालली नाही. डनलॉप यांची चालली.

डोंगरी सायकलीची गोष्टही टायरापासूनच सुरू होते. अमेरिकेत कॅलिफोर्नियामधल्या मरीन परगण्यात १९७० च्या दशकात काही तरुण डोंगरउतारावरून जुन्या सायकली हाणायचे. १९७६ साली त्यांनी रीपॅक नावाच्या वाटेवर शर्यत लावली. दोन मैलांहून कमी अंतरात सुमारे १,३०० फूट उतार. ब्रेक इतके तापत की मागच्या हबमधलं ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावं लागे, म्हणून वाटेचं नावच रीपॅक पडलं. गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली ही त्यातली पुढे नावारूपाला आलेली मंडळी. आता गंमत पाहा. त्या तरुणांनी पातळ टायरांच्या चपळ सायकली सोडून जुन्या, वजनदार सायकली का निवडल्या? कारण त्यांना सव्वादोन इंचांच्या आसपास रुंदीचे गुबगुबीत 'बलून' टायर बसत. असे टायर श्विन कंपनीनं १९३३ साली अमेरिकेत आणले होते. म्हणजे आधी टायर आणि मग त्याला शोभेशी सायकल, असा तो उलटा प्रवास आहे.

पाहुण्यांच्या गावची माती

"कुठल्या वाटेवर चालवणार ते सांगा, मग टायर सांगतो," हे काकांचं ठरलेलं वाक्य. वाटांचे प्रकार ते इंग्रजी पुस्तकातल्यासारखे सांगत नसत. "तुमची सगळी सोयरीक कुठे कुठे आहे?" असं विचारून त्यांनी मला आमच्या नातेवाइकांच्या गावांवरून हा विषय समजावून दिला.

माझं मूळ गाव रत्नागिरीकडचं. तिथे जांभ्या दगडाचा सडा. उन्हाळ्यात तो खवणीसारखा खरखरीत असतो, कुठलाही टायर त्याला धरून राहतो. फक्त लवकर झिजतो. पण पावसाळ्यात त्याच सड्यावर हिरवं शेवाळ धरलं की माणूसही उभा राहत नाही. आपल्याला वाटतं, अशा ठिकाणी उंच दातांचा टायर हवा. (टायरवरच्या नक्षीच्या उंचवट्यांना काका 'दात' म्हणतात, मीही तेच म्हणतो.) प्रत्यक्षात उलट होतं. कातळात दात रुतत नाहीत. उंच दात नुसते वाकतात आणि टायर सरकतो. ओल्या कातळावर कामाला येतं मऊ रबर, बेताची हवा आणि बुटक्या, रुंद दातांवर पाडलेल्या बारीक चिरा. मऊ रबर दगडाच्या सूक्ष्म खाचांत दबून बसतं. रबराचा हा मऊपणा 'शोर' नावाच्या एककात मोजतात. आकडा जितका लहान तितकं रबर मऊ. शाळेत मऊ खोडरबर कागदाला धरायचं आणि लवकर संपायचं, टणक खोडरबर वर्षभर टिकायचं आणि कागदावरून नुसतं घसरायचं, तसाच हा प्रकार. शेवाळाचा थर जाड असेल तर मात्र कुठल्याही टायरचा उपाय नाही, उतरून चालायचं. गावची जुनी माणसं अशा वेळी वहाणा हातात घेऊन अनवाणी, बोटं रोवून चालायची, ते उगाच नव्हे.

आत्याचं गाव परभणीकडे. तिथली काळी माती. पाणी प्यायली की ती फुगते, वाळली की आक्रसते आणि भेगाळते. उन्हाळ्यात तिच्यावरची बैलगाडीची चाकोरी सिमेंटसारखी टणक होते. तिथे बुटक्या, दाटीवाटीनं बसवलेल्या दातांचा टायर झपाट्यानं पळतो. पहिला पाऊस पडला की तीच माती चिकटते आणि चार फेऱ्यांत चाक दुप्पट जाड होऊन फोर्कमध्ये अडकतं. चिखलासाठी वेगळे टायर असतात. अंगानं थोडे अरुंद, दात उंच आणि एकमेकांपासून लांब लांब. अरुंद टायर वरचा चिखल कापून खालच्या घट्ट थरापर्यंत पोहोचतो, आणि दातांमधल्या मोकळ्या जागेतून चिखल आपोआप भिरकावला जातो. लाल मातीच्या चिखलात हा टायर छान चालतो. भर पावसातल्या काळ्या मातीत मात्र काकांचा सल्ला एकच, "सायकल खांद्यावर घ्या आणि काठीनं चाकं खरवडत घरी या." चिखलात सायकल दामटली की वाटेचंही नुकसान होतं. चाकाची चर पडते, पुढच्या पावसाचं पाणी त्या चरीतून धावतं आणि दोन वर्षांत वाटेची नाळ होते.

मेव्हण्यांचं गाव नदीकाठचं. तिथे वाळू आणि उन्हाळ्यात बैलगाडीच्या रस्त्यावर घोट्याएवढा फुफाटा. तिथे रुंद टायर आणि कमी हवा. उंटाचा पाय वाळूत पसरतो, तसं काहीसं.

आणि चौथी वाट म्हणजे आमच्या घाटाखालची, मुरमाची. खाली टणक थर, वर सुटे खडे. फरशीवर काचेच्या गोट्या सांडाव्यात तशी. डोंगरात सायकल चालवणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींना दिवाळीपासून जूनपर्यंत बहुतेक हीच भेटते. तिच्यासाठी मध्यम उंचीचे, चौकोनी धारदार कडांचे, जरा मोकळे बसवलेले दात लागतात, म्हणजे ते खडे बाजूला सारून खालचा थर पकडू शकतात. सरळ चालताना आणि ब्रेक लावताना भार मधल्या दातांवर असतो. वळताना सायकल कलते आणि भार कडेच्या दातांवर जातो. कडेचे दात दणकट नसतील तर सायकल वळणावर दगा देते. आमच्या टायरांचे मधले दात डांबरी रस्त्यावर झिजून गेले होते. ब्रेक लावला त्या क्षणी तिथे धरायला काहीच उरलं नव्हतं.

पुढचा वेगळा, मागचा वेगळा

दोन्ही चाकांना एकसारखाच टायर हवा, अशीही माझी समजूत होती. काकांनी तीही मोडीत काढली. मागचं चाक घसरलं तर सायकल शेपूट हलवते, माणूस सावरू शकतो. पुढचं चाक घसरलं की सावरायला वेळच मिळत नाही. शिवाय ब्रेक लावताना बराच भार पुढच्या चाकावर येतो. म्हणून पुढे जास्त पकडीचा, थोडा रुंद, मऊ रबराचा टायर घालायचा. मागे जरा टणक रबराचा आणि दाट दातांचा, जो चढावर पायांना जड जाणार नाही आणि लवकर झिजणार नाही. पैसे एकाच टायरपुरते असतील तर चांगला टायर पुढे. आम्ही सगळे आयुष्यभर नवा टायर मागे आणि जुना पुढे घालत आलो!

टायर घेताना कडेचे आकडे वाचायचे. '५४-५८४' असं लिहिलेलं असेल तर टायरची रुंदी ५४ मिलिमीटर आणि रिमवर बसण्याचा व्यास ५८४ मिलिमीटर. साडेसत्तावीस इंची म्हणतात तो हाच. सव्वीस इंचीचा आकडा ५५९, एकोणतीस इंचीचा ६२२. फोर्कमध्ये आणि मागच्या नळ्यांमध्ये दोन्ही बाजूंना बोटभर जागा उरते ना, हे पाहायचं. कडेवर बाण असेल तर तो चाक फिरण्याच्या दिशेला ठेवायचा.

हवा कमी करण्यालाही मर्यादा आहे. ट्यूब असलेल्या टायरमध्ये हवा फार कमी असेल तर दगडावर आपटताच ट्यूब रिमच्या कडांमध्ये चेपते आणि सापानं डसल्यासारखी दोन भोकं पडतात. पंचावन्न-साठ किलोच्या माणसानं सव्वादोन इंची टायरला ३० पौंडांपासून सुरुवात करावी, पुढे दोन-तीन पौंड कमी ठेवावेत आणि मग एकेक पौंडानं आपल्या वाटेप्रमाणे जमवून घ्यावं. ट्यूबलेस टायर असेल तर आणखी खाली जाता येतं, कारण चेपायला ट्यूबच नसते. त्यात दुधासारखा पातळ द्रव घालतात. बाभळीचा काटा घुसला तर तो द्रव भोकात थिजतो आणि पंक्चर आपोआप बुजतं. आपल्याकडच्या उन्हात तो द्रव काही महिन्यांत सुकतो, तेव्हा आठवणीनं नवा घालावा लागतो.

हे सगळं डोक्यात भरून मी जानेवारीत एका संध्याकाळी घरी आलो. हातात दोन नवे टायर होते. पुढचा दोन पूर्णांक पस्तीस इंची, मऊ रबराचा, मोकळ्या दातांचा. मागचा सव्वादोन इंची. दोन्हींची मिळून किंमत माझ्या कॉलेजच्या सायकलीच्या दहापट तरी होती. बायकोनं टायर पाहिले आणि तिचा चेहरा बदलला. "विकायची ठरली होती ना?"

तेव्हा मी सांगून टाकलं. ऑगस्टमध्ये लेकीनं टायर बदलायला सांगितले होते, मी नाही म्हणालो होतो. हवा मी भरली होती, आणि चुकीची भरली होती. ब्रेक तिनं लावला, पण तो लागावा असं टायरमध्ये मी काही ठेवलंच नव्हतं. पाच महिने तिनं ते आपल्या अंगावर घेतलं आणि मी घेऊ दिलं.

कुणीच काही बोललं नाही. लेक ताटातल्या भाताशी चाळा करत होती. मग बायको म्हणाली, "एवढं बोलायला पाच महिने लागले?" आणि उठून आत गेली. त्या रात्री ती माझ्याशी एक शब्दही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत गेलो तर सायकलवरची साडी काढून, घडी घालून ठेवलेली होती.

टायर लेकीनंच चढवले. मी नुसता पाने देत होतो. हवा भरायची वेळ आली तेव्हा तिनं पंप माझ्या हातातून काढून घेतला.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही पुन्हा त्याच वाटेनं गेलो. डॉक्टरांनी केव्हाच परवानगी दिली होती, आईची आदल्या रात्री मिळाली. ते वळण आलं तशी लेक थांबली. सायकल झाडाला टेकवून चालत खाली गेली, बुटाच्या टाचेनं खडे उकरून पाहिले, मोठे दोन दगड उचलून बाजूला टाकले. परत वर येऊन तिनं आपल्या पुढच्या टायरवर अंगठा दाबला. मग माझ्याकडे आली आणि माझ्या टायरवर दाबला.

"बाबा, तुझ्यात अजून हवा जास्त आहे."

तिनं व्हॉल्व्हचं टोपण काढलं. फुस्स असा आवाज झाला. मग ती बेताच्या वेगानं, वळणाच्या आधीच ब्रेक सोडून, खाली उतरून गेली. टायरखालचे खडे करकरले, एक-दोन बाजूला उडाले, चाक मात्र आपल्या जागी राहिलं. खालून तिनं हाक मारली.

मी त्या वळणावर सायकल हातात धरून चालत उतरलो. माझा टायर अजून जुनाच होता.